पिशवीत काय होते, ते मला माहीत होते

जेलमधून सुटताना ज्यांना आपल्या कपड्यांबरोबर डॉक्टरची चिठ्ठीही मिळते, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी मी हे लिहीत आहे. मी शिंपी आहे. सातवीपर्यंत शिकलो, त्यानंतर लिहिली ती फक्त गिऱ्हाइकांची मापे. तेव्हा चुकले तर सांभाळून घ्यावे.

मी दोनदा जेलमध्ये गेलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा आपण आजारी आहोत हे मला माहीत नव्हते. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा माहीत होते. लाज वाटते ती दुसऱ्या वेळेची.

रेडिओ

सत्तरच्या आसपासची गोष्ट. नागपुरात धरमपेठेत एका दुकानात मी कोट-पँट शिवत असे. बायको सुमन, तीन वर्षांची मुलगी, भाड्याच्या दोन खोल्या. भिंतीपलीकडचे शेजारी पोस्टात होते. सज्जन माणूस. त्यांच्याकडे रेडिओ होता आणि सकाळच्या बातम्या ते मोठ्याने लावत.

त्या उन्हाळ्यात माझी झोप गेली. उकाड्याने असेल असे वाटले. मग त्या बातम्यांत माझ्या घरच्या गोष्टी ऐकू येऊ लागल्या. काल आम्ही काय जेवलो, सुमन मला काय बोलली, दुकानात मी कोणाचे कापड बिघडवले. नाव घेत नसत, पण रोख माझ्यावर आहे हे मला कळत असे. सुमनला विचारले, तुला ऐकू येते का? ती म्हणाली, पावसाचं सांगून राहिले ते. मला वाटले, हीसुद्धा त्यांना सामील आहे.

एका सकाळी दुकानातला लोखंडी गज घेऊन मी शेजाऱ्यांच्या दारात गेलो. त्यांनी दार उघडले आणि हसून "या केशवराव" म्हटले. तो गज मी त्यांच्या डोक्यात घातला. ते वाचले. मला चौदा महिन्यांची सजा झाली.

सुमन मुलीला घेऊन गावी माझ्या थोरल्या भावाकडे राहायला गेली. आमचे गाव पारशिवनीच्या पुढे, नदीकाठी. दादा, म्हणजे महादेव दादा, शेती करतो. वडील लवकर गेले, त्यामुळे मला त्यानेच वाढवले. मला नागपूरला पाठवून शिलाई शिकवली तीही त्यानेच.

आजाराला नाव मिळाले तो दिवस

जेलमध्ये मला शिलाईच्या कामावर घातले. हाताला ओळखीचे काम मिळाले म्हणून दोन महिने निभावले. मग मी जेवण सोडले, कारण वाढणारा कैदी वरणात काहीतरी कालवतो अशी माझी खात्री झाली होती. हाडे दिसायला लागली तेव्हा जेलच्या डॉक्टरांनी मला मेंटल हॉस्पिटलला पाठवले. आमच्याकडे त्याला हॉस्पिटल कोणी म्हणत नाही. पागलखाना म्हणतात.

तिथे मी अडीच महिने होतो. सुरुवातीचे दिवस आठवत नाहीत. पुढचे आठवते ते तुकड्यातुकड्यांनी. लोखंडी खाटांची लांब खोली. सकाळी गोळ्यांची रांग. गोळी गिळली की नर्सबाई तोंड उघडायला लावत, जीभ वर करून दाखवावी लागे. लहान मुलासारखे वाटे. तोंड कोरडे पडे, पाय जड होत, आणि हात असे थरथरत की सुईत दोरा जाईना. त्या दिवसांत मी सर्वांत जास्त रडलो असेन तर त्या दोऱ्यासाठी.

एका नर्सबाईंनी ते पाहिले. त्या दुपारी उशांच्या फाटक्या खोळी घेऊन माझ्या खाटेपाशी बसत, स्वतः दोरा ओवून सुई माझ्या हातात देत. तिथे रुग्णांच्या हाती सुई कोणी देत नसे. मला दिली. इतकी वर्षे झाली, त्यांचा चेहरा मला आठवत नाही, पण त्या खोळी आठवतात.

एके दिवशी डॉक्टरांनी मला समोर खुर्चीवर बसवले. म्हणाले, "केशवराव, रेडिओ तुमच्याबद्दल काही बोलत नव्हता. तुम्हाला आजार आहे. औषधाने तो आटोक्यात राहतो. बरं वाटलं तरी गोळी सोडायची नाही. सोडली तर तो परत येईल, आणि आला की तुमचं तुम्हाला कळणार नाही."

आधी मला हलके वाटले. रेडिओ गप्प झाला होता, आणि तो कधी बोललाच नव्हता. पण खाटेवर परत येईपर्यंत दुसरा विचार आला. मारामारी करून जेलमध्ये गेलेली माणसे आमच्या भागात आहेत. वर्षा-दोन वर्षांत ती पुन्हा पारावर बसतात, त्यांच्या मुलींची लग्ने होतात. पागलखान्यातून आलेल्याच्या मुलीला मागणी घालायला कोण येईल? डोके फोडणारा केशव म्हणून मी गावात परत जाऊ शकत होतो. पागल केशव म्हणून नाही.

पेरणीचे दिवस होते. त्या अडीच महिन्यांत घरून भेटीला कोणी आले नाही. मी ते माझे नशीब समजलो आणि हॉस्पिटलबद्दल घरी एक अक्षर कळवले नाही.

नदीवर

हॉस्पिटलातून मला परत जेलमध्ये नेले, उरलेली सजा मी गोळ्या घेत तिथे काढली. सुटलो त्या दिवशी कपड्यांबरोबर एक महिन्याच्या गोळ्या आणि डॉक्टरची चिठ्ठी मिळाली. महिना संपायच्या आत हॉस्पिटलच्या खिडकीवर ती चिठ्ठी दाखवून पुढच्या गोळ्या न्यायच्या, असे बजावून सांगितले होते. शिलाई विभागातल्या खाकी कापडाच्या तुकड्याची मी एक लहान पिशवी शिवली होती. गोळ्या आणि चिठ्ठी त्यात ठेवली.

दादा फाटकाशी उभा होता. त्याने मला मिठी मारली नाही, आमच्यात तशी पद्धत नाही. माझा दंड धरला आणि एसटी येईपर्यंत सोडला नाही.

आमच्याकडे जेलमधून आलेला माणूस थेट उंबरठा ओलांडत नाही. आधी नदीवर जायचे, डोके भादरायचे, अंघोळ करायची. अंगावरचे कपडे आणि तिकडून आणलेली प्रत्येक वस्तू धारेत सोडायची. घरून आणलेले कोरे धोतर नेसायचे आणि मग घरी पाच माणसांच्या पंगतीत जेवायला बसायचे. त्यानंतर कोणी जेलचा विषय काढत नाही. काढला तर काढणाऱ्यालाच चार लोक गप्प करतात. ही पद्धत वाईट नाही. तिच्यामुळे पुष्कळ माणसे पुन्हा माणसांत आली आहेत.

न्हावी नदीवर येऊन बसलाच होता. त्याने डोके भादरल्यावर दादा हसला. म्हणाला, "बरं दिसते गा तुले. पहिलेच भादरलं असतं त मंधातलं सारं वाचलं असतं."

मी पाण्यात उतरून आलो. दादा कोरे धोतर हातात घेऊन उभा होता. म्हणाला, "तिकडचा धागासुद्धा घरी नेऊ नको. सगळं बांधून दे."

खाकी पिशवी माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. मी सदरा उचलला. पिशवी हाताला लागली. दादाला सांगायला एक वाक्य पुरले असते, आणि दादा कसा आहे हे मला माहीत होते. त्याने ती पिशवी डोक्यावर ठेवून घरी नेली असती. पण मग त्याने विचारले असते, कसल्या गोळ्या? घरी सुमनने विचारले असते. मायने विचारले असते, आणि मायच्या पोटात काही राहत नसे.

मी सदरा खिसा आत जाईल असा दुमडला. त्यावर पायजमा गुंडाळला. गाठ मारली आणि गाठोडे दादाच्या हातात दिले.

"झालं का सगळं?"

"झालं."

त्याने ते लांब भिरकावले. थोडा वेळ तरंगले, मग भिजून खाली गेले. मी पाहत होतो. मला वाईट वाटले नाही. खरे लिहायचे ठरवले आहे म्हणून लिहितो, त्या क्षणी मला आनंद झाला होता.

आठ दिवस

दोन महिने फार चांगले गेले. हातांची थरथर गेली, तोंडाचा कोरडेपणा गेला. मला वाटले, डॉक्टर उगाच घाबरवत होते. सुमनने एकदा विचारले, "तिथं काही औषधपानी देत होते का तुम्हाले? येकदम गुबगुबीत होऊन आले." मी म्हणालो, मला काय झालंय औषध द्यायला?

आम्ही नागपूरला परतलो. धरमपेठेत मला कोणी उभे करीना. जरीपटक्यात टेकचंद मास्तर म्हणून एक सिंधी गृहस्थ होते, त्यांचे शर्ट-पायजम्याचे दुकान होते. मी त्यांना जेलचे आधीच सांगितले. त्यांनी विचारले, "वहाँ क्या सीता था?" कैद्यांचे कपडे, मी म्हणालो. "फिर तो तेरे किसी गाहक ने शिकायत नहीं की होगी," ते म्हणाले, आणि मला मशीन दाखवले.

पाचव्या महिन्यात माझी झोप पुन्हा गेली.

डॉक्टर म्हणाले होते, तुमचे तुम्हाला कळणार नाही. पण मला कळले. आठ दिवस कळत होते. मशीनच्या आवाजात शब्द येऊ लागले तेव्हा हे आजाराचे आहे असे मी स्वतःला सांगू शकत होतो. एका दुपारी सायकल काढून मी हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत गेलोसुद्धा. फाटकासमोर आमच्या गावाकडचा एक माणूस भाजीचा ठेला लावून उभा होता. त्याने मला पाहिले नव्हते. मी सायकल वळवली.

आठ दिवसांनंतर मला कळेनासे झाले. टेकचंद मास्तर शर्टांच्या कॉलरच्या आत माझ्याबद्दल खुणा शिवून ठेवतात आणि गिऱ्हाइके त्या वाचतात, अशी माझी समजूत झाली. एका दुपारी मी शिवलेल्या शर्टांच्या कॉलरी उसवायला लागलो. मास्तर माझा हात धरायला आले. माझ्या हातात कापड कापायची मोठी कात्री होती. त्यांच्या उजव्या हाताच्या तळव्यावर वार बसला. तीन बोटे कायमची वळली ती वळलीच.

शिंप्याचा उजवा हात. याहून जास्त मी लिहू शकत नाही.

कोर्ट

खटला उभा राहीपर्यंत माझ्यावर पुन्हा उपचार सुरू झाले होते. डोके जागेवर आले होते. जेलच्या कागदांत माझ्या आजाराची आणि सुटताना दिलेल्या गोळ्यांची नोंद होती. घरच्यांना सगळे तिथेच पहिल्यांदा कळले. वकिलांनी दादाला विचारले, त्या गोळ्यांचे काय झाले?

दादा पिंजऱ्यात उभा होता. त्याचा चेहरा पांढरा पडला. तो म्हणाला, "साहेब, मंग त्या त्याच्या कपड्यातच असतीन. कपडे मी नदीत टाकले. मी पाह्यलं नाही. आमच्यात टाकतेत साहेब."

न्यायाधीशांनी मला विचारले, तुम्हाला यावर काही सांगायचे आहे का?

मी शुद्धीत होतो. वकिलांनी मला आधीच सांगितले होते की घरच्यांच्या अज्ञानाने औषध तुटले असे दिसले तर सजा कमी होईल. मी दादाकडे पाहिले नाही. म्हणालो, मला त्या वेळचे काही आठवत नाही.

सजा कमी झाली. दोन वर्षे, त्यातला बराच काळ हॉस्पिटलात. त्या काळात सुमन ब्लाउज शिवून घर चालवत होती. मुलीला तिने सांगितले होते, बाबा भिलाईला कामावर आहेत. मुलगी मला भिलाईच्या पत्त्यावर पत्रे लिहायची आणि सुमन ती ट्रंकेत ठेवायची. सुटून आलो तेव्हा तिने सगळी एकदम माझ्यासमोर ठेवली.

टेकचंद मास्तरांकडे मी गेलो. ते डाव्या हाताने कापायला शिकले होते. मला पाहून म्हणाले, "काम माँगने आया? काम नहीं है। चाय है।" चहा पाजला. निघताना म्हणाले, "मेरा हाथ तो गया केशव। अब तू दवा खा, नहीं तो और किसी का जाएगा।"

तेव्हापासून मी औषध चुकवलेले नाही. आता दर पंधरा दिवसांनी औषधाची सुई असते. हॉस्पिटलच्या फाटकातून आत जाताना आजही माझी मान खाली जाते, पण मी जातो.

माय

इथवर लिहिले ते पुष्कळांच्या बाबतीत घडते. पुढचे माझे एकट्याचे आहे.

दादाने औषध फेकले आणि केशव पुन्हा जेलमध्ये गेला, हे गावात सगळ्यांना माहीत झाले. लोक दादाला तोंडावर बोलत नसत. माय बोलत असे. रोज, येताजाता, सुनेसमोर, गड्यासमोर. "माह्या लेकराचं औषध पान्यात टाकलं यानं." दादा उलट बोलत नसे. त्याने सोमवारचे उपास धरले. माझ्यासाठी.

मी सुटल्यावर सणावाराला गावी जायचो. माय मला जवळ बसवून वाढायची. दादा पंगतीच्या दुसऱ्या टोकाला. दरवेळी मी ठरवायचो की या खेपेला सांगू. दरवेळी जेवण व्हायचे, पान लागायचे, आणि मी एसटीने परत यायचो.

माय गेली तेव्हा आम्ही दोघेही तिच्याजवळ होतो. शेवटचे पाणी थोरल्याने पाजायचे असते. दादा तुळशीचे पाणी घेऊन तिच्या उशाशी बसला. तिने मान फिरवली. बोलता येत नव्हते, पण हाताने माझ्याकडे खूण केली. दादाने पेला माझ्या हातात दिला आणि उठून दारापाशी जाऊन उभा राहिला.

मी पाणी पाजले.

शनिवारची बैठक

हॉस्पिटलातल्या समाजसेविका बाईंनी, जेलमधून आणि वॉर्डातून सुटणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी शनिवारी एक बैठक सुरू केली होती. मी कितीतरी वर्षे ठीक होतो म्हणून त्यांनी मला बोलायला सांगितले. मी नदीची गोष्ट सांगितली. मात्र जशी कोर्टात झाली तशी. अडाणी भावाने औषध फेकले, म्हणून घरच्यांनी औषध जपावे. ऐकणाऱ्या बाया डोळे पुसायच्या. एक बाई म्हणाली, असा भाऊ वैऱ्यालाही नको. मी मान हलवली.

ही गोष्ट मी वर्षभर सांगत होतो. दर वेळी ती जास्त चांगली जमत होती.

एका शनिवारी दादा आला. गावाहून आमच्यासाठी तुरीची डाळ घेऊन निघाला होता. घरी गेला तर सुमनने सांगितले, ते बैठकीत असतील. डाळ माझ्याच हातात द्यायची म्हणून तो पोतडे घेऊन थेट तिथे आला आणि मागे भिंतीला टेकून बसला. मी पाहिले नाही. माझी गोष्ट सांगून झाली. बाई सगळ्यांना म्हणाल्या, पाहा, घरच्यांचं एक अज्ञान केवढ्याला पडलं.

मागून दादा उभा राहिला. हात जोडले.

"बाई, तो भाऊ मीच होय. याची गोष्ट खरी हाय. मी कपडे पाह्यले नाही अन् टाकून देले. तुमच्या घरी असं मानूस येईन त त्याचा खिसा पाहा. माह्यासारखं करू नका."

एवढे बोलून तो खाली बसला. लोक वळून त्याच्याकडे पाहत होते. ती वैऱ्याचे बोललेली बाईही त्यांत होती.

एसटी स्टँड

दादा घरी न येता तिथूनच परत निघाला. त्याला गाडीवर सोडायला गेलो. बाकावर बसलो होतो. गाडीला वेळ होता. आयुष्यात पहिल्यांदा गाडीला उशीर व्हावा आणि ती लवकरही यावी असे वाटत होते. मी सांगितले. सदऱ्याचा खिसा, दुमडलेली बाजू, गाठ, सगळे.

दादाने पूर्ण ऐकले. मग विचारले, "म्हंजे तवा तू शुद्धीत होता?"

"होतो."

"अन् कोर्टात?"

"तेव्हाही होतो."

त्याने पोतड्याची गाठ आवळली.

"माय गेली तवा?"

गाडी लागली. दादा उठला. डाळीचे पोतडे अजून त्याच्याच हातात होते. ते त्याने गाडीत चढवले आणि परत घेऊन गेला.

घरी येऊन सुमनला सांगितले. ती पोळ्या लाटत होती. हात थांबला नाही. म्हणाली, "मले सांगितलं असतं त मी रोज तुमचं तोंड उघडून पाह्यलं असतं. टेकचंद मास्तरांचा हात जाग्यावर असता." त्यानंतर महिनाभर ती माझ्याशी कामापुरते बोलली. तिचे बरोबर होते.

अंगणात

तीन महिने दादाचा निरोप नाही, पत्र नाही. शेवटी मी गावी गेलो. दादा शेतावर होता. वहिनी अंगणात तांदूळ पाखडत होत्या. मला पाहून म्हणाल्या, "या औषधवाले. बसा." म्हणजे दादाने घरी सांगितले होते.

मी त्यांची क्षमा मागायला लागलो. त्यांनी सूप खाली ठेवले.

"सात वर्ष माह्या नवऱ्यानं या घरात मान खाली घालून जेवन केलं. मायनं त्याच्या हातचं पानी घेतलं नाही. अन् तुम्ही येऊन पुरनपोया खाऊन जात होते. मले काय सांगून राहिले तुम्ही? माह्या मानसावर मले पहिलेच भरवसा होता. ज्याईले सांगाचं त्याईले सांगा."

त्या स्वतः उठून शेजारी गेल्या. पाच-सहा माणसे अंगणात येऊन बसली. दादाची बरोबरीची, आमच्या नात्यातली, नदीवरचा तो न्हावीही, आता म्हातारा झालेला. मी उभा राहून सांगितले. मी पागलखान्यात होतो हे लपवायला गोळ्या नदीत जाऊ दिल्या, दादाला माहीत नव्हते, मला होते. पागलखाना हा शब्द त्या अंगणात मी पहिल्यांदा उच्चारला. ज्या शब्दाला घाबरून हे सगळे केले होते, तो उच्चारल्यावर कोणी उठून गेले नाही.

न्हावी म्हणाला, "तवाच बोलला असता त मी ते गाठोडं पान्यात उडी मारून आनलं असतं गा." कोणी हसले नाही.

तेवढ्यात दादा शेतावरून आला. अंगणात माणसे पाहिली, मला पाहिले, आणि बैल घेऊन सरळ गोठ्याकडे गेला. मी निघेपर्यंत तो बाहेर आला नाही.

लिहून ठेवा

त्यानंतर बैठकीत मी गोष्ट खरी सांगू लागलो. पहिल्या वेळी खरी गोष्ट सांगितली तेव्हा दोन जण उठून गेले. बाईंनी मला थांबवले नाही. शेवटी त्या म्हणाल्या, पुढच्या शनिवारीही या.

पावसाळा संपता संपता एका शनिवारी दादा पुन्हा आला. या वेळी पुढच्या रांगेत बसला, हातात काही नव्हते. मी त्याच्यासमोर सगळे सांगितले. एका म्हाताऱ्या बापाने, ज्याचा मुलगा त्याच आठवड्यात सुटणार होता, दादाला विचारले, "हे खरं हाय का भाऊ?"

दादा उभा राहिला. म्हणाला, "गाठोडं मीच फेकलं. ते खरं. पन त्यात काय हाय ते याले माहीत होतं, मले नोतं." मग तो बाईंकडे वळला. "बाई, हे कुठंतरी लिहून ठेवा. हा तोंडानं सांगते तवा बदलवते."

म्हणून हे लिहिले. बाईंनी कागद दिले. चार महिने लागले.

लिहून झाल्यावर मी गावी जाऊन दादाला वाचून दाखवले. तो ओसरीवर बसून ऐकत होता, वहिनी दारात उभ्या होत्या. मधे कुठे त्याने अडवले नाही. शेवटी मी लिहिले होते, की आता दादाच्या मनात माझ्याविषयी काही राहिलेले नाही.

"ते खोड," दादा म्हणाला.

मी त्याच्यासमोरच खोडले. मग तो वहिनीला म्हणाला, याले जेवू घाल, याची गाडी जाईन.